खराब इंटर्नल स्टोरेज : पार्टिशनला हात लावण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोळा जीबीचा जुना फोन, रूट केलेला (सिस्टीमचे पूर्ण अधिकार घेतलेला), टीडब्ल्यूआरपी ही बाहेरची रिकव्हरी, म्हणजे दुरुस्तीचा मेनू, बसवलेली. बूट लूपमध्ये अडकलाय (पुन्हापुन्हा आपोआप सुरू होतोय), रिकव्हरीत 'फेल्ड टू माउंट डेटा' येतं आणि स्टोरेज ० एमबी दिसतं. आईचे फोटो आत आहेत. दुकानदार म्हणतो, "सॉफ्टवेअर मारून देतो." आणि तुम्ही कुठेतरी वाचलंय की पार्टिशन, म्हणजे स्टोरेजचे कप्पे, नव्याने पाडून खराब भाग वगळता येतो.

येतो, पण मोजक्याच वेळा. फोटो हाती येईपर्यंत फोन दुकानात देऊ नका आणि 'फॅक्टरी रीसेट', 'फॉर्मॅट डेटा' यांतलं काहीही दाबू नका. सॉफ्टवेअर मारणं म्हणजे बहुतेक वेळा सगळं पुसून नवं भरणं. माझ्या मामांच्या फोनचं असंच झालं. फोन सुरू झाला, पण फोनचा ओळख क्रमांक (आयएमईआय) जिथे असतो ते ईएफएस पार्टिशनही पुसलं गेलं होतं. आयएमईआय गेला, टॉवर कायमचा गेला.

ईएमएमसी चिपचं, म्हणजे फोनच्या इंटर्नल स्टोरेजचं, काम कसं चालतं हे कळलं तर पुढचं सोपं जाईल. चिपच्या आत एक कंट्रोलर बसलेला असतो, गोदामाच्या कारकुनासारखा. आपण म्हणतो, चाळीस नंबरचं पोतं दे. ते पोतं खरोखर कुठे ठेवलंय हे फक्त त्याच्या वहीत असतं, आणि झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तो जागा सतत बदलत राहतो. एखादी जागा खराब झाली की राखीव साठ्यातली दुसरी देतो. त्यामुळे झिजलेल्या चिपमध्ये 'खराब भाग' एका ठिकाणी बसून राहत नाही. आज तुम्ही दोन जीबी वगळलेत, तरी पुढच्या महिन्यात दुसरीकडे रड सुरू होते.

मग वगळण्याचा सल्ला आला कुठून? २०१२ साली पहिल्या गॅलक्सी नोटचे, म्हणजे एन७०००चे, कितीतरी फोन अँड्रॉइड ४.० आल्यावर रिकव्हरीतून वाइप करताच दगड झाले. पुसण्याची एक कमांड चिपच्या फर्मवेअरला (आतल्या सॉफ्टवेअरला) झेपत नव्हती आणि कारकुनाची वहीच बिघडत होती. ओडिन या सॅमसंगच्या टूलने फ्लॅश करायला, म्हणजे सॉफ्टवेअर भरायला गेलं की 'फॅक्टरीएफएस' या सिस्टीमच्या पार्टिशनवर अडकायचं. हा बिघाड ठरावीक पत्त्यांपुरता होता, म्हणून लोकांनी तेवढा पट्टा सोडून देणाऱ्या पीआयटी फाइल्स (पार्टिशनचे नकाशे) बनवल्या, काही जीबी गमावले आणि फोन पुन्हा वापरात आणले. अँड्रॉइडच्या गाभ्यात असलेल्या लिनक्स कर्नलमध्ये आजही व्हीवायएल००एम, केवायएल००एम, एमएजी४एफए अशा चिपनावांची यादी आहे, त्यांना ती कमांड पाठवू नये म्हणून.

तेव्हा आधी चिप ओळखा. रिकव्हरीत असतानाच कॉम्प्युटरवरून एडीबी शेल (फोनला कमांड देण्याची खिडकी) उघडा आणि सिस, ब्लॉक, एमएमसीबीएलके० (म्हणजे ही चिप), डिव्हाइस या फोल्डरांच्या वाटेने आत जा. 'नेम' फाइलीत चिपचं नाव मिळेल. तिथेच 'लाइफ टाइम' असेल तर कॅट कमांडने उघडून बघा, दोन आकडे दिसतील. ०x०१ म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत झीज, ०x०ए म्हणजे नव्वदच्या पुढे, ०x०बी म्हणजे आयुष्य संपलं. ईएमएमसी ५.०च्या आधीच्या चिपमध्ये हे मिळणार नाही. मग डीमेसेजवर, म्हणजे कर्नलच्या नोंदींवर, भिस्त ठेवा. एमएमसीबीएलके०च्या नावाने उणे ११० एरर पुन्हापुन्हा येत असेल तर चिप उत्तरच देत नाहीये.

आता फोटो. हे काम पार्टिशनच्या आधीच व्हायला हवं. डीडी ही कॉपीची कमांड वापरून यूजरडेटा पार्टिशनची (तुमचे फोटो, फाइली असतात त्याची) पूर्ण प्रत एसडी कार्डावर घ्या, 'नोएरर, सिंक' लावून, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागी ते थांबणार नाही. कार्ड एक्सफॅट पद्धतीने फॉर्मॅट केलेलं असू द्या. मी एकदा रात्रभर कॉपी लावून ठेवली आणि सकाळी फाइल बरोबर चार जीबीवर तुटलेली दिसली, कारण कार्ड फॅट३२ होतं. ईएफएस आणि परसिस्ट (सेन्सरांच्या सेटिंगचं पार्टिशन) यांच्याही प्रती काढा, त्या अगदी छोट्या असतात. मग कॉम्प्युटरवर त्या प्रतीचीही प्रत करून तिच्यावर ई२एफएससीके (फाइल सिस्टीम दुरुस्त करणारं टूल) चालवा किंवा फोटोरेक (हरवलेले फोटो शोधणारं टूल) लावा. मूळ चिपवर काहीही लिहायचं नाही. फोन एन्क्रिप्टेड (डेटा कुलूपबंद केलेला) असेल तर मात्र प्रतीतून बहुधा काही हाती लागणार नाही. किल्ली बहुतेक फोनमध्ये प्रोसेसरशी बांधलेली असते, चिप काढून वाचली तरी कचराच दिसतो. अशा वेळी टीडब्ल्यूआरपीमध्ये पासवर्ड टाकून डेटा उघडतो का, हीच एक आशा.

फोटो हाती आले की पार्टिशन. आधी एसजीडिस्क या टूलने पार्टिशन टेबलाचा (कोणतं पार्टिशन कुठे आहे त्या यादीचा) बॅकअप घ्या. टेबलच बिघडलं असेल तर जीपीटी प्रकारच्या टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, तिच्यावरून ते परत उभं करता येतं, बाकी काही करायची गरजही पडत नाही. ठरावीक पट्टाच अडत असेल तर डीडीने शंभर-शंभर एमबी नुसतं वाचत जा आणि कुठे अडकतं ते लिहून ठेवा. पार्टेड या पार्टिशन बदलण्याच्या टूलमध्ये एकक सेक्टर ठेवा, फक्त यूजरडेटा काढा आणि तेच नाव, तोच नंबर देऊन पट्ट्याच्या बऱ्यापैकी पुढून सुरू करा. नाव एका अक्षराने चुकलं तरी माउंट होणार नाही. बूट, मोडेम, ईएफएस यांच्या जवळपासही जाऊ नका. झीज नव्वदच्या पुढे असेल तर हा खटाटोप करू नका. चिप बदलून घ्या नाहीतर फोन निवृत्त करा.

चिपचं नाव, लाइफ टाइमचे दोन आकडे आणि डीमेसेजच्या शेवटच्या वीस ओळी इथे टाका. आज रात्री बघतो.