साक्षीदार कशासाठी खोटे बोलतो?

प्रश्न : मी एक रहस्यकादंबरी लिहीत आहे. सांगलीतील दोन बहिणी, थोरली वीस वर्षांची आणि धाकटी सोळा वर्षांची, जुलैतील एका संध्याकाळी घरातून निघतात आणि परत येत नाहीत. त्यांना शेवटचे पाहणारा एकमेव साक्षीदार म्हणजे शेजारचा पंधरा वर्षांचा मुलगा. तो तीन वेळा तीन निरनिराळे जबाब देतो आणि अखेरच्या प्रकरणात त्याचे सारेच खोटे होते असे उघड होते. हस्तलिखित वाचलेले दोन मित्र म्हणतात की ही वाचकाची फसवणूक आहे आणि पोलीस तपासही खरा वाटत नाही. मी काय बदलावे?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या मित्रांची तक्रार मला योग्य वाटते. साक्षीदाराने खोटे बोलण्याला वाचकाचा आक्षेप नसतो; त्या खोट्यामागचे कारण शोधण्याची संधीच पुस्तकाने दिली नाही, तर मात्र तो रागावतो आणि त्याचा राग रास्त असतो. आपल्या मुलाचे ‘सारेच’ खोटे आहे, हीच मला कथानकातील खरी अडचण दिसते. चौदा-पंधरा वर्षांचे मूल सहसा एकच गोष्ट लपवते आणि ती लपावी म्हणून तिच्या आजूबाजूच्या दोन-तीन गोष्टी बदलते. बाकीचे ते खरे सांगते, कारण बाकीचे त्याला महत्त्वाचे वाटत नाही. तेव्हा मुलगा खोटारडा आहे की नाही, यावर आपल्या गुप्तहेराने वेळ घालवू नये. या खोट्याने काय झाकले जात आहे, हे त्याने शोधावे.

आता तपासाविषयी. आपण दोघी बहिणींसाठी एकच ‘हरवल्याची तक्रार’ दाखवली आहे. प्रत्यक्षात त्यांच्या वयांमुळे येथे दोन वेगळी कागदपत्रे तयार होतात. धाकटी अठरा वर्षांखालील आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार हरवलेल्या बालकाच्या तक्रारीवर थेट गुन्हा नोंदवून अपहरण किंवा मानवी तस्करीचा संशय गृहीत धरूनच तपास सुरू करावा लागतो. थोरली सज्ञान आहे. तिच्याबाबत घातपाताचा संशय नसेल तर केवळ मिसिंगची नोंद होते. एकाच आईने एकाच रात्री सांगितलेल्या एकाच हकिकतीत एक मुलगी अपहृत ठरते आणि दुसरी ‘स्वखुशीने गेली असावी’ अशी समजली जाते. त्याहून पुढे, थोरलीवरच धाकटीला पळवून नेल्याचा संशय येऊ शकतो. हा ताण आपल्या हातात आयताच आहे आणि आपण त्याचा उपयोग केलेला नाही, याची मला वाचताना हळहळ वाटली.

दुसरी सूचना मुलाच्या वयाची. त्याला चौदा वर्षांचा करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे पंधरा वर्षांखालील मुलाला साक्षीदार म्हणून त्याच्या राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हीच तरतूद होती. म्हणजे फौजदाराला त्याच्या घरी यावे लागेल, वडील शेजारच्या खुर्चीत बसतील, आई स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत राहील आणि मुलगा जे उत्तर देईल ते फौजदारापेक्षा वडिलांना उद्देशून असेल. आपण ठाण्यात रंगवलेला दिव्याच्या झोताखालचा प्रसंग मला चित्रपटातला वाटला. या बैठकीच्या खोलीतला प्रसंग त्याहून कितीतरी भीतिदायक होईल.

उदाहरणादाखल समजा की त्याने वडिलांची स्कूटर न विचारता काढून दोघींना मिरज जंक्शनवर सोडले आहे. थोरलीने कुणाला न सांगण्याची शपथ घातली आहे आणि त्याला त्याहूनही मोठी भीती वडिलांची आहे. म्हणून तो सांगतो, “संध्याकाळी मी सरकारी घाटाच्या खालच्या पायरीवर बसलो होतो, तिथून त्या दोघी आयर्विन पुलाकडे चालत जाताना दिसल्या.” ही थाप पकडण्यासाठी कोणत्याही चमत्काराची गरज नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढला की हे आकडे सांगलीत घरोघर बोलले जातात, आणि २००५ व २०१९ च्या महापुरांनंतर तर लहान मुलांनाही ते पाठ आहेत. पातळी इशाऱ्याजवळ येते तेव्हा घाटाच्या खालच्या पायऱ्या केव्हाच पाण्याखाली गेलेल्या असतात. पहिल्याच प्रकरणात दूधवाल्याच्या तोंडून ‘आज अडतीस फूट झालंय’ एवढे सहज येऊ द्यावे. सावध वाचकाला जबाब वाचतानाच काहीतरी खटकेल आणि बेसावध वाचकाला शेवटी मागची पाने उलटावीशी वाटतील.

याच्या जोडीला एक खरा तपशील ठेवावा. धाकटीच्या पिशवीचा बंद तुटला होता आणि तो पिनेने जोडला होता, असे मुलगा सांगतो. जुलैत सांगलीत सूर्यास्त सव्वासातच्या आसपास होतो आणि ढगाळ संध्याकाळी घाटावरून पुलापर्यंत माणूससुद्धा नीट ओळखू येत नाही, तेथे पिन कशी दिसली? जे सांगितले ते खरे आहे. जेथून पाहिल्याचे सांगितले ते खोटे आहे. खऱ्याखोट्याची अशी सरमिसळ मला कोणत्याही धक्कादायक कलाटणीपेक्षा मोलाची वाटते.

दुसऱ्या जबाबातील फरकाला मात्र मुलाला जबाबदार धरू नये. तो दोष चौकशी करणाऱ्याचा असावा. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी मोटारींच्या टकरीची चित्रफीत लोकांना दाखवली आणि प्रश्नातील एकच क्रियापद बदलून वेगाचा अंदाज विचारला. ज्यांच्या प्रश्नात जोरदार धडकेचा शब्द होता, त्यांनी वेग अधिक सांगितला. आठवड्यानंतर त्यांच्यातील अधिक जणांना फुटलेली काचही ‘आठवली’, जी चित्रफितीत नव्हतीच. आपल्या फौजदाराने “ती पांढरी गाडी कुठल्या बाजूला गेली?” असे विचारावे. तोवर गाडीचा उल्लेख कुणीच केलेला नसावा. पुढच्या जबाबात मुलगा प्रामाणिकपणे पांढरी गाडी पाहिल्याचे सांगेल आणि तपास चार दिवस भलत्या वाटेला लागेल.

न्यायालयाचे प्रकरण ठेवणार असाल तर मुलाला ‘खोटा’ ठरवून वकिलाला जिंकवू नका. पोलिसांपुढील जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही आणि बचाव पक्षाला तो मुख्यतः विसंगती दाखवण्यासाठीच वापरता येतो. वडिवेलू थेवर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये साक्षीदारांचे तीन वर्ग सांगितले : पूर्ण विश्वसनीय, पूर्ण अविश्वसनीय आणि या दोहोंच्या मधले. मधल्या वर्गातील साक्षीला अन्य पुराव्याची पुष्टी शोधावी लागते. एक गोष्ट खोटी ठरली म्हणून सारी साक्ष फेकून द्यावी, हे तत्त्व आपली न्यायालये मानत नाहीत. आपला मुलगा या मधल्या वर्गातला आहे आणि त्याला तेथेच राहू द्यावे.

प्रश्न : माझ्या कथेतही दोन बहिणी बेपत्ता होतात, साताऱ्यातून. त्या कथेत प्रत्यक्ष कधीच येत नाहीत. मग वाचकाला त्यांची काळजी कशी वाटावी?
— एक वाचिका, शाहूपुरी, सातारा

उत्तर : ‘दोघी बहिणी’ हा शब्दप्रयोग हस्तलिखितातून शक्य तेथे काढून टाका. आपल्या पानांवर त्या दोघी एकच बाई असल्यासारख्या वावरतात : दोघी हुशार, दोघी शांत, दोघी आईच्या लाडक्या. त्यांच्यात एखादे न मिटलेले भांडण असू द्या. एकीला पोवई नाक्यावरून पुण्याची एसटी धरून कायमचे निघून जायचे होते आणि दुसरीला राजवाड्यामागचे घर सोडवत नव्हते, एवढे पुरे आहे. दोघी एकत्र का गेल्या, हा प्रश्न त्यातून आपोआप जड होईल.

आणि साक्षीदार किशोरवयीन असेल, तर त्याचे लक्ष कुणाकडे होते हेही पाहा. थोरलीवर मन जडलेल्या मुलाला तिच्या ओढणीचा रंग आठवेल, धाकटीबद्दल तो ‘ती पण होती’ एवढेच म्हणेल. गुप्तहेर थोरलीमागे धावत राहील, कारण सारी माहिती तिचीच आहे. मुलाच्या एकाही जबाबात धाकटीचे नाव आलेले नाही, हे तपासाच्या वहीत सर्वप्रथम तिच्या आईच्या लक्षात यावे.