वाक्यातला शत्रू आणि दाराचं कुलूप

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत अकरावीत आहे. अमेरिकन शिक्षणावर टीका करणारा, वाचणाऱ्याला पटेल असा निबंध तिला लिहायचा आहे. आधी तिने शेजारच्या गावातल्या शाळेबद्दल लिहिलं होतं : ग्रंथपाल नाही म्हणून तिथल्या लायब्ररीला आठवड्यातले तीन दिवस कुलूप असतं. मग १९८३ चा सरकारी अहवाल वाचून तिने ते सगळं खोडलं आणि 'अमेरिकन शिक्षण कोसळलं आहे' अशी सुरुवात केली. निबंध आता जोरदार वाटतो, पण पोकळही. काय करावं?

उत्तर : ताई, तो अहवाल म्हणजे 'अ नेशन ॲट रिस्क'. राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे शिक्षणमंत्री टेरेल बेल यांनी नेमलेल्या आयोगाचा. अमेरिकेत हायस्कूलला इंग्रजी शिकवत होते तेव्हा मी वर्गात त्याची सुरुवात मोठ्याने वाचायचे. आजचं हे सुमार शिक्षण एखाद्या शत्रुराष्ट्राने आपल्यावर लादायचा प्रयत्न केला असता, तर आपण ते युद्धच मानलं असतं, अशा अर्थाचं वाक्य आहे तिथे. वाचून झालं की मी विचारायचे, "हे कुणी केलं म्हणतात?" एकदा मागच्या बाकावरचा मुलगा पटकन म्हणाला, "रशियाने." त्या वाक्यात एकाही देशाचं नाव नाही! पुढचंच वाक्य तर सांगतं की हे आपणच आपल्यावर ओढवून घेतलं. पण तोवर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शत्रू उभा राहिलेला असतो. सगळी ताकद त्या 'असता तर'मध्ये आहे, आणि मला ती आजही धोक्याची वाटते.

दुसरं हत्यार आकड्यांचं. १९६३ ते १९८० मध्ये एसएटीचे, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचे, सरासरी गुण भाषेत ५० हून अधिक आणि गणितात जवळपास ४० ने घसरले, असं अहवाल सांगतो. आकडे खरेच आहेत. पण परीक्षेला बसलं कोण? आधी वर्गातली पहिली दहा मुलं बसायची, नंतर चाळीस बसू लागली, तर एकाही मुलाची प्रगती न खालावता सरासरी उतरते. त्या घसरणीचा, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांतला, बराच भाग असाच होता. सगळा नव्हे, हेही मुलीला सांगा.

आता ते कुलूप. ते तिने का खोडलं! लेखक जोनाथन कोझोल यांनी १९९१ मध्ये शाळांमधल्या विषमतेवर 'सॅव्हेज इनिक्वॅलिटीज' हे पुस्तक लिहिलं तेव्हा ते ईस्ट सेंट लुईससारख्या गरीब गावांतल्या शाळांत स्वतः गेले आणि तिथे काय दिसलं ते लिहिलं. अमेरिकेत शाळेचा मोठा खर्च गावातल्या घरपट्टीतून निघतो. घरं महाग तिथे पैसा जास्त. हे त्या कुलपामागून आपोआप समोर येईल.

एक अडचण मात्र तिला टाळता येणार नाही. न्यू जर्सीच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये 'ॲबट' खटल्यात २८ गरीब शहरी डिस्ट्रिक्टना (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांना) श्रीमंत डिस्ट्रिक्टइतका पैसा द्यायला राज्याला सांगितलं होतं. वाचणारा विचारणारच, मग हे कुलूप का? शेजारचं गाव त्या यादीत आहे का, ते तिने आधी पाहावं. दोन्ही डिस्ट्रिक्टची बजेटं कुणालाही पाहता येतात. ती शेजारी शेजारी ठेवून लायब्ररीची ओळ शोधू दे, आणि वर्ष कोणतं ते आकड्यासोबतच लिहू दे.