'लूफा के पारालायी' पाहायला कुठून सुरुवात करावी?

'लूफा के पारालायी' या ग्रीक मालिकेचे काही भाग पाहून तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: बराकीतले विनोद डोक्यावरून का जातात, आणि सैनिकांची अशी थट्टा तिथल्या लोकांना चालते कशी? दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

आपल्याकडे माणूस सैन्यात जातो तो स्वतःहून भरती होऊन. ग्रीसमध्ये धडधाकट पुरुषाला जावंच लागतं, घटनेतच तशी तरतूद आहे. भूदलातली मुदत 2021 मध्ये 9 महिन्यांवरून 12 करण्यात आली. त्यामुळे पडद्यावरचा शिपाई प्रेक्षकाला परका नसतोच. तो त्याचा भाऊ असतो, बाप असतो, नाहीतर तो स्वतःच. थट्टा शौर्याची होत नाही. हुद्द्याच्या मुजोरीची होते, निरर्थक हुकमांची होते, ऐन तारुण्यातल्या वाया गेलेल्या महिन्यांची होते. हे ध्यानात आलं की मालिका एकदम जवळची वाटू लागते.

काही शब्द माहीत हवेत, सबटायटलमध्ये ते हरवतात. 'लूफा' म्हणजे कामचुकारी. नव्या रंगरुटाला 'प्सारी', म्हणजे मासा म्हणतात, आणि जुने त्याला पिळून काढतात. ज्याचा वरपर्यंत वशिला आहे तो 'विझ्मा'. एव्रोस नदीच्या तुर्की सीमेवर किंवा एजियनमधल्या एखाद्या लांबच्या बेटावर कुणाला धाडायचं आणि अथेन्समध्ये घराजवळ कोण राहणार, यावरून तिथे खरोखर चरफड होते. 'येर्मानिको' म्हणजे मध्यरात्रीनंतरचा, झोपेचं खोबरं करणारा पहारा.

पण माझं कळकळीचं सांगणं असं, की आधी निकोस पेराकिस यांचा याच नावाचा 1984 चा चित्रपट पाहा. मालिका त्याच्यानंतर दोन दशकांनी आली. चित्रपट घडतो सैन्यदलाच्या टीव्ही केंद्रात. हो, ग्रीक सैन्याची स्वतःची वाहिनी होती आणि ती घराघरांत दिसायची! सिनेमाच्या धंद्यातली पोरं गणवेश घालून तिथे कॅमेरे चालवतायत, आणि 21 एप्रिल 1967 ला कर्नल मंडळी सत्ता बळकावतात. कालपर्यंत चुकारपणा करून निभावत होतं, आता त्याच पोरांना हुकूमशाहीचा प्रचार चित्रित करावा लागतो. विनोद तोच, पण पोटात गोळा येतो. ती राजवट 1974 च्या जुलैपर्यंत टिकली, आणि वाहिनी सैन्याच्या हातून सुटली ती थेट 1982 मध्ये. म्हणजे चित्रपट आला तेव्हा थिएटरात बसलेल्यांनी ती वाहिनी वर्षानुवर्षं घरी पाहिलेली होती. हा संदर्भ मला फार मोलाचा वाटतो.

चित्रपट झाला की मालिकेकडे परत या. तिच्यात हुकूमशाहीचं सावट नाही, सूर हलका आहे, त्यामुळे चित्रपटाची धार तिच्यात शोधू नका. एका बैठकीत बरेच भाग पाहण्यापेक्षा रोज एखादा पाहा, पात्रांची ओळख त्यानेच पक्की होते.