इंग्रजीतला साधा भूतकाळ: ‘डिड’ कुठे, ‘हॅड’ कुठे?

गो-वेन्ट-गॉन तोंडपाठ आहे, तरी बोलताना ‘डिड’ आणि ‘हॅड’पाशी अडखळायला होतं, असं तुम्ही लिहिलंय. मराठी माध्यमातल्या बहुतेकांचं तिथेच अडतं, कारण डोक्यात वाक्य मराठीत तयार होतं.

‘काल मी नाशिकला गेलो होतो.’ यातलं ‘होतो’ आपल्याला ‘हॅड’कडे ओढतं आणि तोंडातून ‘आय हॅड गॉन टू नाशिक यस्टरडे’ निघतं. इंग्रजीत इथे नुसतं ‘आय वेन्ट’ पुरे. होऊन गेलेल्या दोन गोष्टींपैकी आधीची कोणती, हे दाखवायचं असेल तेव्हा ‘हॅड’ लागतं. मी स्टेशनवर पोचलो तोवर गाडी सुटली होती: ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’. ‘मी त्याला कालच फोन केलाय’ म्हणतानाही तीच गंमत. ‘केलाय’मुळे ‘हॅव कॉल्ड’ म्हणावंसं वाटतं, पण यस्टरडे, लास्ट वीक, इन २०१९ अशी संपलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ चालत नाही. ‘आय कॉल्ड हिम यस्टरडे.’ बस्स.

‘डिड’ फक्त नकारात आणि प्रश्नात येतं (जोर द्यायला येतं ते तूर्त सोडा). ते आलं की भूतकाळ त्यानेच दाखवला, म्हणून क्रियापद मूळ रूपात: ‘आय डिडन्ट गो’, ‘व्हेअर डिड यू गो?’ ‘डिडन्ट वेन्ट’ म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे. ‘वॉज’ आणि ‘वर’ (were) यांना मात्र ‘डिड’ लागत नाही: ‘वॉज ही ॲट होम?’ आणि कर्ताच विचारायचा असेल तरी नाही: ‘हू ब्रोक द ग्लास?’

एका बाबतीत इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे. आपण आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, पोहे खाल्ले असं कर्मानुसार क्रियापद फिरवतो. तिकडे काहीही खा, कोणीही खा, ‘एट’च.

रूपांचं म्हणाल तर नियमित क्रियापदांना ईडी लागतं, बाकीची पाठ करण्यावाचून इलाज नाही. पाठ करताना ब्रिंग-ब्रॉट, थिंक-थॉट, बाय-बॉट, टीच-टॉट असे सारख्या आवाजाचे गट करा, लवकर बसतात. ‘पुट’, ‘कट’ बदलतच नाहीत. पण ‘ही पुट्स’ऐवजी ‘ही पुट’ ऐकू आलं, तर तो भूतकाळ समजा.

ईडीचा उच्चार बिघडला की मात्र लगेच कानाला खटकतो. ‘वॉकेड’, ‘आस्केड’ नाही, ‘वॉक्ट’, ‘आस्क्ट’. ‘प्ले’चं ‘प्लेड’. वेगळं ‘इड’ फक्त शेवटी ट किंवा ड चा आवाज असेल तिथेच: वॉन्टिड, नीडिड.

आणि हो, कोणी हाक मारल्यावर ‘आलो, आलो!’चं ‘आय केम’ करू नका. तिथे ‘कमिंग!’ म्हणतात.