पगाराचं सोडा, शेअर्सचं बघा

प्रश्न: वय ४६, एका बँकेत वित्तप्रमुख आहे. सरकारच्या अर्थखात्यात तीन वर्षांसाठी बोलावणं आलंय. पगार आताच्या चौथा हिस्सा. बँकेने दिलेले निम्मे शेअर्स अजून व्हेस्ट व्हायचेत, म्हणजे माझ्या मालकीचे पक्के व्हायचेत. गृहकर्ज चालू आहे, मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजात जाईल. जाऊ का?

उत्तर: तुमच्या तीन पानी पत्रात अडीच पानं पगारावर आहेत आणि शेअर्सवर जेमतेम दोन ओळी. मला उलटं हवं होतं!

पगाराचा हिशेब सोपा आहे. हप्ता, फी, घरखर्च धरून दरमहा जेवढं कमी पडेल त्याच्या ३६ पट रक्कम बाजूला काढा. तुमच्या तक्त्यानुसार ती तुमच्याकडे आहे.

शेअर्सचं तसं नाही. ज्या बँकांच्या फायली तुमच्या टेबलावर येणार, त्यांचे शेअर्स जवळ ठेवून त्या खुर्चीत बसता येत नाही. ते विकायचे, आणि तेही भाव बघून नव्हे, रुजू होण्याची तारीख बघून. २००६ मध्ये हेन्री पॉलसन गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेतून अमेरिकेचे अर्थमंत्री झाले, तेव्हा त्यांनी जवळपास ५० कोटी डॉलरचे शेअर्स विकले. अशा विक्रीवरचा भांडवली नफ्याचा कर तिथे पुढे ढकलता येतो. मात्र हितसंबंधांमुळे ही विक्री गरजेची आहे, असं सरकारी प्रमाणपत्र विक्रीआधी हातात हवं आणि पैसे ६० दिवसांत सरकारी रोख्यांत किंवा डायव्हर्सिफाइड (अनेक कंपन्यांत पैसा विभागणाऱ्या) फंडात जायला हवेत. आधी विकून मग अर्ज केला की सवलत गेली. (आणि ही करमाफी नव्हे, उधारी आहे.) तुम्हाला असं काही लागू आहे का, हे करसल्लागाराकडून आधीच लेखी घ्या.

व्हेस्ट न झालेले शेअर्स एरवी राजीनाम्यासरशी बुडतात. पण काही वित्तसंस्थांच्या योजनेत सरकारी सेवेत जाणाऱ्यांसाठी वेगळं कलम असतं. ग्रँट लेटर, म्हणजे शेअर्स देतानाचं अटींचं पत्र, काढून बारीक अक्षरातलं वाचा. ‘नंतर बघून देऊ’ या एचआरच्या शब्दावर राहू नका. रुजू झाल्यावर जुन्या मालकाकडून आलेला पैसा म्हणजे गळ्यात धोंड.

तुम्ही कंसात लिहिलंय, यजमानांचे शेअर्स वेगळे आहेत. हितसंबंध तपासताना ते बहुधा तुमच्याच खात्यात धरले जातील. त्यांच्याशी आजच बोला.

माझं मत, जा. पण ग्रँट लेटर आधी, राजीनामा नंतर. मुदत संपल्यावर लगेच बँकेत परतायला बंदी असेल, तर त्या महिन्यांत चौथा हिस्साही नसेल. तेवढ्या महिन्यांचा पूर्ण घरखर्च त्या ३६ पटीत मिळवा.