निधी चार वर्षांचा, बंधन पंधरा वर्षांचं

प्रश्न: माझी आणि धाकट्या भावाची सहा एकर माळजमीन सामाईक आहे. तिथलं गवताळ रान वन्यजीवांसाठी पुन्हा उभं करायला एक संस्था कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कंपनीने सामाजिक कामासाठी खर्च करायचा पैसा, आणते आहे. गवताची पेरणी, पाणवठा, कुंपण अशी कामं आहेत. करार पंधरा वर्षांचा, तोवर ताबा संस्थेकडे. मी मध्येच माघार घेतली तर खर्चाच्या दुप्पट रक्कम भरायची. माझी एकट्याची सही पुरेल असं ते म्हणतात. करू का?

उत्तर: एवढ्यात करू नका. काम मोलाचं आहे, ते व्हावं असं मलाही मनापासून वाटतं. पण हा मसुदा तुमच्यावर अन्याय करणारा आहे.

भावाचं आधी. वाटप झालेलं नसताना तुमची सही तुमच्या हिश्शापुरतीच. उद्या त्याने वाटप मागितलं, पाणवठा त्याच्या वाट्याला गेला, तर भरपाई मात्र तुमच्याकडून मागतील. त्याची सही हवीच.

खरी मेख मुदतीत आहे. सीएसआर नियमांप्रमाणे अनेक वर्षं चालणारा प्रकल्प सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो, म्हणजे निधी फार तर चार वर्षांचा. पुढची अकरा वर्षं वणवा कोण विझवणार, कुंपण कोण दुरुस्त करणार? याचं उत्तर मसुद्यात नसेल, तर ते काम तुमच्याच गळ्यात पडणार. निधी थांबला की तुमचं बंधनही सुटेल, असं कलम घालून घ्या.

शिवाय 2021 च्या दुरुस्तीनंतर सीएसआरमधून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता एकट्या खासगी व्यक्तीच्या नावे राहू शकत नाही. संस्थेला ताबा हवा आहे तो बहुधा यासाठीच. पण संपूर्ण ताबा दिला की कागदावर काहीही नाव असो, तो भाडेपट्टा ठरू शकतो, आणि एक वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यापेक्षा पाणवठ्याचा तुकडा मोजून तेवढाच द्या. बाकी रानात फक्त कामापुरती परवानगी. चराईचा तुमचा हक्क आणि मुदतीनंतर पाणवठ्याचं काय, हे स्पष्ट लिहा.

दुप्पट दंडाने घाबरू नका. करार कायद्याच्या कलम 74 नुसार कोर्ट वाजवी भरपाईच देतं. लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा. तरी कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा दरवर्षी घटत जाणारी रक्कम आताच ठरवा.

संस्थेकडून सीएसआर-1 नोंदणी क्रमांक (सीएसआरची कामं करण्यासाठी संस्थेने सरकारकडे केलेल्या नोंदणीचा) आणि कंपनीचं मंजुरीपत्र लेखी मागा. ते हातात आल्यावर भावाला सोबत घेऊन मसुद्यावर बसा.