पासिंगमध्ये बसलेली गाडी ओव्हरलोड कशी ठरते?

प्रश्न : माझी दहा चाकी गाडी आहे. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) मालासकट एकूण मंजूर वजन, म्हणजे पासिंग, २८ टन. अंबडहून लोखंडी प्लेटा भरल्या, काट्यावर २७ टन आले. तरी तपासणीत मागचा एक्सल (चाकांचा आस) जास्त भरलाय म्हणाले. पासिंगच्या आत असताना असे होऊ शकते? (ट्रकमालक, आडगाव)

होऊ शकते, आणि लोखंडाच्या मालात तर नेहमीच होते. आरसीवर एकूण वजनाखेरीज प्रत्येक एक्सलचे वजनही नोंदलेले असते. ते बहुतेक जण वाचत नाहीत. १६ जुलै २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने चार टायरांच्या एकेरी एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन, तर आठ टायरांच्या जोडएक्सलची १९ वरून २१ टन केली. पण ही झाली कायद्याची कमाल. तुमच्या गाडीला लागू होतो तो आरसीवरचा आकडा.

हिशोब मांडून पाहा. समजा पुढच्या एक्सलपासून मागच्या जोडीच्या मध्यापर्यंत ५ मीटर आहेत. रिकामी गाडी ९ टनांची : पुढे ४, मागे ५. मर्यादा पुढे ७, मागे २१. माल १८ टन. मालाचा मध्य मागच्या जोडीच्या मध्यापासून जितका पुढे, त्याला ५ ने भागून १८ ने गुणा; तेवढे टन पुढे जातात. हा मध्य ४० सेंटिमीटर पुढे असेल, तर पुढे १.४४ टनच जातात. मागे १६.५६ अधिक ५, म्हणजे २१.५६. झाली गाडी ५६० किलोंनी ओव्हरलोड! उलट मध्य १ मीटर पुढे नेला, तर पुढचा एक्सल ७.६ टनांवर जातो आणि स्टिअरिंगही जड होते. या उदाहरणात माल बसायला जागा उरते ती ५६ ते ८३ सेंटिमीटरच्या मधली.

कांद्याच्या गोण्या हौदाभर पसरतात, त्यामुळे तिथे फारसे बिघडत नाही. प्लेटा, कॉइल हौद्याच्या दोन-तीन मीटरमध्येच मावतात आणि क्रेनवाला त्या सोयीने फाळक्याकडे, म्हणजे मागच्या टोकाला, ठेवून देतो. उपाय सोपा आहे : १ टन माल २ मीटर पुढे सरकवला की मागचे ४०० किलो पुढे जातात. वरच्या उदाहरणात १.४ टन असा सरकवला असता, तर काम झाले असते. सरकवल्यावर साखळी-बेल्ट नव्याने आवळा. लोखंड ब्रेक लागताच पुढे घसरते.

काट्यावर तीन वजने घ्या : फक्त पुढची चाके, पूर्ण गाडी, फक्त मागची जोडी. पहिले आणि तिसरे मिळून दुसऱ्याशी जुळायला हवे. शे-दोनशे किलोंहून अधिक फरक पडला, तर काट्यालगतचा रस्ता काट्याच्या पातळीत नाही किंवा वजन घेताना ब्रेक लावलेला होता, असे समजा. गाडी न्यूट्रलमध्ये, ब्रेक सोडून उभी करायची. ३०० लिटर डिझेल म्हणजे अडीचशे किलो. टाकी भरण्याआधी वजन घेतले असेल तर तेही धरा.

प्रश्न : स्प्रिंगचे जास्तीचे दोन पाटे टाकले तर दोन टन जास्त चालतात, असे गॅरेजवाले सांगतात. (चालक-मालक, पिंपळगाव बसवंत)

चालत नाहीत. पाट्यांनी गाडी कमी बसते, एवढेच. एक्सल, हब, बेअरिंग, ब्रेकचे ड्रम आणि टायर तेच राहतात. नाशिकहून मुंबईकडे कसारा घाट उतरताना याची परीक्षा होते : जादा वजनाने ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात. टायरच्या बाजूला १४६/१४३ असे छापले असेल, तर एकेरी टायरला ३,००० आणि जोडीतल्या प्रत्येकाला २,७२५ किलो एवढीच मुभा, तीही हवा पूर्ण असेल तर. म्हणजे असे दोन टायर पुढे लावले की तिथे ६ टनच, आरसीवर ७ असले तरी.

प्रश्न : लिफ्ट एक्सल (चाके जमिनीपासून वर उचलता येणारा एक्सल) भरल्या गाडीत उचलला तर? (चालक, सातपूर)

त्याच्या वाट्याचे वजन बाकीच्या एक्सलवर येते आणि गाडी ओव्हरलोड होते. उचलायचा तो फक्त रिकाम्या गाडीत.

प्रश्न : दंड कोणाला? (वाहतूकदार, लासलगाव)

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये चालवणारा आणि चालवू देणारा, दोघेही येतात. २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,००० आणि माल उतरवण्याचा खर्च. वजन करू द्यायला नकार दिला, तर ४०,०००. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत, हे कांदा-द्राक्षवाल्यांना दंडापेक्षा महाग पडते.